मैदानाचा आठवडा: शर्यतीच्या खिलार बैलाची सोमवार ते सोमवार तयारी

सुगी आटोपत आली की माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत मैदानांचे, म्हणजे बैलगाडा शर्यतींचे, फलक लागायला लागतात. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेचं मैदान तर नावाजलेलंच, पण त्याशिवाय गावोगावच्या यात्रा आहेत. बक्षिसं वाढली, खोंडांच्या किमती वाढल्या आणि त्यासोबत एक खुळी समजूतही वाढली, की जास्त पळवला म्हणजे जास्त पळतो. चांगला बैल बिघडतो तो बहुतेक वेळा याच समजुतीपायी.

खालचा आठवडा रविवारचं मैदान धरून लिहिला आहे. मैदान दुसऱ्या वारी असेल तर वार सरकवा, क्रम मात्र मोडू नका. बैल धरला आहे तो खिलार, दात जुळलेला (कायमचे सगळे दात आलेला) किंवा जुळत आलेला, वजनाने साधारण साडेचारशे किलो, आणि निदान दोन महिने नेमाने सरावात असलेला. शर्यत सरळ फाटीवरची (फाटी म्हणजे एका गाडीला आखून दिलेला पट्टा), छकड्याला दोन बैल. आदत, म्हणजे अजून दुधाचे दात न पडलेल्या, खोंडाला हे वेळापत्रक लावू नये. त्याची हाडं अजून वाढत असतात, सांध्याजवळची टोकं कच्ची असतात; त्याला चाल, पोहणं आणि जुवाची सवय एवढंच वर्षभर पुरे.

पूर्ण वेग आठवड्यात किती वेळा?

मैदानाआधी एकदा आणि मैदानात. बस्स.

कारण पोटात आहे. फाटीवर बैल जो जीव तोडून पळतो तो स्नायूंत साठवलेल्या साखरेवर, म्हणजे ग्लायकोजेनवर. माणसाने भात-भाकरी खाल्ली की साखर सरळ रक्तात उतरते आणि दिवसा-दोन दिवसांत हा साठा पुन्हा भरतो. रवंथ करणाऱ्या जनावराचं तसं नाही. त्याने खाल्लेला भरडा आधी मोठ्या पोटातले जंतू आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि त्यांतल्या प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत साखर बनवतं. वाट लांबची आहे. म्हणून दमून रिकामा झालेला साठा भरायला बैलाला कित्येक दिवस लागतात. बुधवारी फेरा मारून शुक्रवारी पुन्हा ‘जरा बघू पळतोय का’ म्हणून सोडला, तर रविवारी तो अर्ध्या टाकीवर उभा राहतो. गटात (पहिल्या फेरीत) निघतो, सेमीला शेवटच्या टप्प्यात ढिला पडतो, आणि लोक म्हणतात बैलाने दम सोडला. दम शुक्रवारीच काढून घेतलेला असतो.

त्याच हिशेबाने दर रविवारी मैदान गाठणंही चुकीचं. दोन मैदानांत किमान दोन आठवडे असावेत. सलग तीन-चार रविवार पळवलेला बैल बाहेरून तुकतुकीत दिसतो, पण झेंडा पडल्यावर निघतानाची त्याची पहिली उडी मंदावलेली असते. ती मंदावली की समजावं, सुट्टीची वेळ टळून गेली आहे.

रोजच्या तीन नोंदी

वही दावणीजवळच टांगा. रोज पहाटे, बैल उठवण्याआधी किंवा उठल्याबरोबर, चारा टाकण्याआधी तीन आकडे लिहा.

नाडी: शेपटीच्या मुळापासून वीतभर खाली, शेपटीच्या आतल्या बाजूला मधोमध दोन बोटं टेकवा. ठोका लागतो. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. शांत, कमावलेल्या बैलाची नाडी मिनिटाला ४५ ते ६५ च्या आसपास असते. पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याच बैलाचा रोजचा आकडा महत्त्वाचा. नेहमी ५० असणारा बैल एका सकाळी ६२ दाखवत असेल तर त्या दिवशी काम बंद.

श्वास: भुकेच्या खड्ड्याजवळ, म्हणजे बरगड्या संपतात तिथे कूस हलते ती मोजा. सावलीत, शांत असताना मिनिटाला १५ ते ३०.

ताप: साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला तेल लावून गुदद्वारात, आतल्या भिंतीला टेकवून धरायचा. नुसता शेणात खुपसला तर आकडा चुकतो. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. सलग दोन सकाळी १०३ च्या वर असेल तर मैदान विसरा आणि रक्त तपासा. गोचिडांमुळे होणारा थायलेरिया आणि बबेसिया आपल्याकडे वरचेवर सापडतो. त्यात बैल खातो-पितो पण रक्त कमी झाल्याने पळताना धापा टाकतो. हिरड्या आणि डोळ्याची आतली कड फिकट दिसली की हीच शंका पहिली घ्या.

खुराक

साडेचारशे किलोच्या बैलाला दिवसाला नऊ ते अकरा किलो कोरडा पदार्थ लागतो. तो असा बसतो: शाळूचा कडबा पाच किलो, हिरवी मका किंवा हत्तीगवत दहा-बारा किलो, आणि खुराक तीन किलो. खुराकात मक्याचा भरडा एक किलो, हरभऱ्याची चुणी पाऊण किलो, गव्हाचा कोंडा पाऊण किलो, शेंगदाणा पेंड अर्धा किलो. त्यावर खनिज मिश्रण ५० ग्रॅम आणि मीठ ३० ते ४० ग्रॅम. खुराक दोन वेळा विभागून द्या, सकाळी काम संपल्यावर तासाभराने आणि संध्याकाळी. आधी थोडा कडबा, मग खुराक. रिकाम्या पोटावर भरडा गेला की तो एकदम आंबतो.

भरडा जाडा हवा. चक्कीतून पिठासारखा काढला तर पोटात झपाट्याने आम्ल होतं. दुखणं एकदम दिसत नाही, पण शेण बोलतं. चांगलं शेण जाड पो होऊन पडतं, मधे किंचित खळगा राहतो. पातळ, फेसाळ, राखाडी, आंबूस वासाचं आणि त्यात मक्याचे अख्खे कण दिसत असतील तर खुराक जास्त होतोय. त्याच वेळी बैल बसलेला असताना रवंथ मोजा. एक घास वर आला की तो गिळेपर्यंत पन्नास-साठ वेळा चावला गेला पाहिजे. चाळीसच्या आत गिळत असेल तर कडबा कमी आणि दाणा जास्त. अशा वेळी खुराक अर्ध्यावर आणा, कडबा वाढवा आणि दोन-तीन दिवस खुराकातून ४० ग्रॅम खाण्याचा सोडा द्या. हेच आम्ल महिनोन्‌महिने राहिलं तर नख्यांच्या आतला मऊ थर सुजतो. मग बैल कडक जमिनीवर पाय जपून टाकायला लागतो, आणि मालक पायाला औषध चोळत बसतो.

दूध, अंडी, तूप यावर दावणीमागे मोठा खर्च होतो. मोठ्या बैलाच्या पोटात गेलेलं दूध-अंडंही बरंचसं आधी जंतूंच्याच वाट्याला जातं. वासराला जसं दूध लागू पडतं तसं त्याला पडत नाही. तूप-तेल प्रमाणाबाहेर गेलं तर चाऱ्याचं पचन मंदावतं. तोच पैसा चांगल्या कडब्यावर आणि खनिज मिश्रणावर घालावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कराड, वाळवा, पलूस भागात हंगामात उसाचं वाढं (शेंड्याकडचा हिरवा पाला) हाच मुख्य चारा होतो. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. शर्यतीच्या बैलाला वाढं दिवसाला सात-आठ किलोच्या वर घालू नका आणि त्या दिवसांत खनिज मिश्रण एकही दिवस चुकवू नका. दुष्काळी पट्ट्यात धोका वेगळा. गुडघ्याएवढी कोवळी, पाण्याविना करपलेली ज्वारी कापून घातली तर तासाभरात विषबाधेने जनावर जाऊ शकतं. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापावी.

चाऱ्यात किंवा खुराकात कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. मैदानाच्या आठवड्यात बदल करूच नका. पाहुण्याने आणलेली ‘खास पेंड’ मैदान झाल्यावरच्या सोमवारनंतर उघडा.

सोमवार आणि मंगळवार

सोमवारी काम नाही, तपासणी आहे. बैल कडक जमिनीवर समोरून येताना, पाठमोरा जाताना आणि दोन्ही बाजूंना वळताना बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा वर उचलला जातो. मग हात लावा: खूर आणि केसाळ कातडी मिळते ती कड, दोन नख्यांमधली फट, आणि नळीच्या मागच्या दोऱ्या (स्नायू हाडाला बांधणाऱ्या शिरा). दोन्ही पायांवर एकाच वेळी हात ठेवला तर उबेतला फरक लगेच कळतो. एक नळी दुसरीपेक्षा गरम लागली तर सूज दिसण्याआधीच तुम्हाला इशारा मिळाला. त्या पायावर वीस मिनिटं गार पाण्याची धार, दिवसातून तीनदा, आणि गुरुवारपर्यंत फक्त चाल.

पत्री (खुराला ठोकायची नाल) मारायची असेल तर आजच किंवा मंगळवारी. खिळा आतल्या जिवंत भागाजवळून गेला असेल तर बैल त्याच दिवशी लंगडत नाही, दोन-तीन दिवसांनी लंगडतो. शनिवारी पत्री मारून रविवारी गाडी जुंपणं म्हणजे ही चूक फाटीवर जाऊन शोधणं. नख्या वाढल्या असतील तर तासून घ्या. पुढे वाढलेली नखी टाच खाली दाबते आणि सगळा ताण मागच्या दोऱ्यांवर येतो.

मंगळवारी उजाडायच्या आत पाच-सहा किलोमीटर चाल. रस्ता मातीचा, थोडा चढ असलेला. डांबरावर चालवू नका. हातात कासरा, मागे काठी नाही. बैलाने मान खाली सोडून, लांब ढांगा टाकत चाललं पाहिजे. मान ताठ आणि ढांगा तोकड्या असतील तर अंग आखडलेलं आहे, वेग वाढवू नका.

संध्याकाळी पोहणी. पायांवर भार न येता छाती आणि स्नायू दोन्ही कामाला लागतात, म्हणून हा व्यायाम सोन्यासारखा. पण तो नीट केला तरच. खाऊन निदान तीन तास झालेले असावेत. पाण्यात उतरायला आणि वर यायला उताराची, न घसरणारी वाट हवी. प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यात बैल कधीही उतरवू नका. कागदावर खूर ठरत नाही, बैल कडेला येऊन घसरत राहतो आणि दमून बुडतो. नदीचा बंधारा असेल तर पाण्याला ओढ नाही ना, हे आधी माणसाने उतरून बघावं. वीस फुटी कासरा, दोन्ही काठांवर एकेक माणूस, आणि वेसणीला हिसका देणं पूर्ण बंद. पाण्यात वेसण ओढली की नाक वर राहत नाही. सुरुवात दोन मिनिटांनी, महिन्याभराने पाच-सहा मिनिटं. त्यापुढे जायची गरज नाही. बाहेर आल्यावर अंग पुसून पंधरा मिनिटं चालवा आणि कान कोरडे करा.

बुधवार: पूर्ण वेगाचा एकमेव फेरा

हा फेरा ज्या जोडीदारासोबत रविवारी पळायचं आहे त्याच्यासोबतच करा. पैऱ्याने, म्हणजे दुसऱ्या मालकाच्या बैलाशी, जोडी जुळवली असेल तर दुसऱ्या मालकाला बुधवारी बैल घेऊन यायला सांगा. रविवारी सकाळी पहिल्यांदा एकमेकांशेजारी उभे राहिलेले बैल पळण्याआधी एकमेकांना जोखत बसतात.

जू बांधताना दोघांच्या खांद्यांची उंची बघा. तीन-चार बोटांपेक्षा जास्त फरक असेल तर जू तिरकं बसतं आणि ठेंगण्या बैलाच्या मानेवर भार येतो. सापती (जुवाचा गळ्याखालचा पट्टा) इतकी सैल हवी की मान आणि पट्टा यांत चार बोटं आडवी जावीत. आवळली तर श्वास दाबला जातो, फार सैल ठेवली तर जू उड्या मारतं आणि खांदा सोलतो. कोणता बैल कुठल्या खांद्याचा हे ठरलेलं असतं, ते ऐनवेळी बदलू नका.

पंधरा-वीस मिनिटं चाल, मग पाच मिनिटं दुडकी. पहिला फेरा शर्यतीच्या पल्ल्याच्या निम्मा, पाऊण वेगाने. यात बघायचं ते वेग नाही, रेघ. गाडी एका बाजूला ओढली जात असेल तर त्या विरुद्ध बाजूचा बैल जोरात आहे, किंवा ओढली जाते त्या बाजूच्या बैलाला काहीतरी खुपतंय. मैदानात गाडी फाटी सोडून शेजारच्या फाटीत गेली की बाद, आणि वेगात आडव्या झालेल्या गाडीपुढे दुसरे बैल असतात. म्हणून बुधवारी रेघ सरळ येत नसेल तर दुसरा फेरा वेगाने मारायचाच नाही.

रेघ सरळ असेल तर पंचवीस मिनिटं चालवून दुसरा फेरा, पुन्हा निम्माच पल्ला, पण पूर्ण वेगाने. निघताना बैल निवांत उभे असताना इशारा द्या. ढकलून, ओरडून बिथरवून काढलेला बैल मैदानातही तशीच वाट बघत उभा राहतो आणि गर्दीत त्याची निम्मी ताकद उभ्या उभ्या जाते. थांबवण्याचाही सराव आजच. रेषेनंतर निदान शंभर मीटर मोकळी जागा ठेवून सावकाश वेग उतरवा. झटक्यात थांबवल्याने पुढच्या पायांच्या दोऱ्या तुटतात.

जू काढल्यावर घड्याळ लावा. दहा मिनिटांनी आणि तीस मिनिटांनी नाडी व श्वास लिहा. हाच आकडा बैलाची खरी तब्येत सांगतो. तिसाव्या मिनिटाला श्वास चाळीसच्या खाली आलेला असावा. मागच्या फेऱ्यांपेक्षा यंदा जास्त वेळ लागत असेल, हवा तितकीच गरम असताना, तर तयारी पुढे नाही, मागे गेली आहे.

गुरुवार ते शनिवार

गुरुवारी अर्ध्या तासाची चाल, थोडं पोहणं आणि खरारा. मालिश करताना खांदा, वशिंडाखालचा भाग आणि पुठ्ठे यांवर तळहाताने दाबत जा. जिथे कातडी थरथरते किंवा बैल अंग चोरतो तिथे दुखतंय. जुवाच्या जागी लिंबाएवढी जरी गाठ लागली तरी जू लावायचं नाही. ताजी सूज आठवडाभराच्या विश्रांतीने आणि गार शेकाने उतरते. त्यावरच पळवला तर तिचं आवाळू (कायमची गाठ) होतं आणि ते कापून काढावं लागतं.

शुक्रवारी तीन किलोमीटर चाल आणि रिकामा छकडा दहा मिनिटं, पावलाच्या चालीने. आज गाडी तपासायची: चाक डगमगतं का, आसाला ग्रीस आहे का, जू ज्या दांडीला बांधतो तिला चीर आहे का, शिवळा (जुवाच्या टोकाच्या खुंट्या) सैल झाल्या आहेत का. जुन्या दोऱ्या आतून कुजतात, पीळ उकलून बघा.

शनिवारी काही नाही. बैलाला झोपू द्या. घरातल्या मंडळींना आणि पाहुण्यांना गोठ्यात गर्दी करू देऊ नका. संध्याकाळी खुराक नेहमीचा, रात्री आठच्या आत संपलेला.

कागदपत्रं

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. अटी पाळण्याच्या बोलीवर हा खेळ परत मिळाला आहे, हे प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावं. आयोजकाकडे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे ना ते विचारा. धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब असता कामा नये. बैलाच्या कानात बारा अंकी बिल्ला, पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि लसीकरणाची नोंद सोबत हवी. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी, लम्पीची लस वर्षातून एकदा. लस दिल्यावर काही दिवस ताप-थकवा येऊ शकतो, म्हणून मैदानाच्या आठवड्यात लस टोचून घेऊ नका.

रविवार

पहाटे दीड-दोन किलो कडबा, एवढंच. हिरवा चारा, लसूणघास, खुराक नाही. भरलेल्या मोठ्या पोटाचं वजन सहज साठ-सत्तर किलो भरतं आणि ते छातीच्या पडद्यावर दाबतं. पण उपाशीही ठेवू नका. आदल्या दुपारपासून दावण रिकामी ठेवणारे आहेत. त्याने बैल हलका होत नाही, कोरडा होतो. पाणी शर्यतीच्या तासभर आधीपर्यंत मनसोक्त.

टेम्पोत वाळू किंवा मातीचा जाड थर आणि वर भुसकट, दोन बैलांत आडकाठी, चढउतारासाठी फळी. चालकाला आधीच सांगा, वळणावर आणि ब्रेकला सावकाश. उभ्याने तोल सांभाळण्यातच पायांचा दम जातो. गट पुकारण्याच्या दोन-तीन तास आधी पोचा, सावलीत बांधा.

जुंपण्याआधी वीस मिनिटं चालवा आणि मग हे क्रमाने बघा:

१. चारी खूर उचलून, खडा किंवा काटा नाही.
२. वेसणीची गाठ, नाकपुडी फाटलेली नाही.
३. जू, शिवळा, सापती. दोन्ही बाजूंना सारख्या.
४. फाटीवरून स्वतः चालून जा. खड्डा, दगड, ओली जागा कुठे आहे ते छकडा हाकणाऱ्या ड्रायव्हरला दाखवा.
५. रेषेपलीकडे गाडी धरायला तुमची दोन माणसं कुठे उभी राहणार ते ठरवा.

पाचवा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित. अपघात बरेचदा निकाल लागल्यावर होतात. बैल रेषा ओलांडून वेगातच असतात, लोक गुलाल घेऊन आत धावतात आणि पुढे बांध किंवा तारेचं कुंपण असतं. तुमची माणसं रेषेवर नकोत, शंभर मीटर पुढे हवीत, आणि बैलांच्या ओळखीची हवीत.

ड्रायव्हरच्या हातात काठी, टोचणी, विजेचा झटका देणारी बॅटरी यांतलं काही नाही. शेपूट पिरगाळणं, चावणं नाही. हे कायद्यात बसत नाही, आणि पळातही कामाचं नाही. दुखलेला बैल पुढे नाही, बाजूला पळतो. वेदनाशामक टोचून पळवणं त्याहून वाईट. दुखणं झाकलं जातं, दुखापत तशीच असते, आणि अर्धवट तुटलेली दोरी पूर्ण वेगात तुटते. असा बैल पुन्हा उभा राहत नाही. कुणी ‘एक सुई मारू’ म्हणाला तर त्याला दावणीपासून लांब ठेवा.

गटात पुढे निघालात तर सेमी आणि फायनल धरून दिवसात तीन फेरे होतात. मधला वेळच दुसरा आणि तिसरा फेरा ठरवतो. जू ताबडतोब उतरवा. दहा मिनिटं सावकाश चालवा. पायांपासून सुरू करून पोट, छाती, मानेवर पाणी ओतत राहा. एकदा ओतून ओलं पोतं टाकलं की आतली ऊब अडकते, म्हणून पोतं नको. पाणी दर पाच-सात मिनिटांनी चार-पाच लिटर प्यायला द्या. एका बादलीत, दहा लिटरला ४० ग्रॅम मीठ आणि मूठभर गूळ घातलेलं, शेजारी साधं पाणी. बैल स्वतः निवडतो.

फायनलची चिठ्ठी हातात असतानाही गाडी मागे घ्यायची ती अशी: वीस मिनिटांनंतरही श्वास साठच्या वर, अर्ध्या तासाने ताप १०४ च्या वर, एखादा पाय जपून टाकणं, किंवा पाण्याकडे तोंडच न करणं. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेच्या तारा आणि पाय लटपटत असतील तर तो उष्माघात आहे. सावली, सतत पाणी, वारा आणि मैदानावरचा डॉक्टर, याच क्रमाने. घरी परतल्यावर लघवी चहा-कॉफीच्या रंगाची झाली तर स्नायू फुटून त्यांचा रंग मूत्रपिंडात उतरतोय. सकाळपर्यंत थांबू नका. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा, नाहीतर जवळच्या पशुवैद्यकाला उठवा. साताऱ्याकडच्यांना मोठ्या तपासण्यांसाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

रात्री पहिल्यांदा कडबा, भरपूर. खुराक अर्धा, दोन तासांनी. जिंकल्याच्या आनंदात ढीगभर पेंड-कणिक पुढे ओतल्याने सोमवारी पहाटे पोटफुगीने जनावरं अडकतात.

पुन्हा सोमवार

पहाटेची नाडी, श्वास, ताप लिहा आणि मागच्या सोमवारच्या आकड्याशेजारी ठेवा. पाय, खांदा, नख्या पुन्हा तशाच तपासा. कालच्या धामधुमीत लपलेलं दुखणं आज दिसतं. तीन दिवस फक्त हातात धरून अर्धा-अर्धा तास चाल, खुराक चार दिवसांत हळूहळू पूर्ण तीन किलोवर. नाडी नेहमीच्या आकड्यावर येईपर्यंत जू टांगलेलंच राहू द्या. पुढच्या मैदानाला नाव द्यायचं की नाही हे गुरुवारी पहाटेची चाल बघून ठरवा. त्याआधी कुणाचा फोन आला तरी शब्द देऊ नका.